वरच्या मजल्यावरचा नाच

आधी कुलसुमखालांचं नाव घेते, मग बाकीचं. बाकीचं सांगायला लागले की मी माझ्याच कौतुकात वाहून जाईन आणि त्यांचं नाव शेवटी कुठेतरी घाईघाईत येईल. ते मला नको आहे. माझ्या पायांना आज जे काही येतं ते कुलसुमखालांमुळे. त्या स्वतः कधी नाचल्या नाहीत. जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यात तळमजल्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. शाळांचे गणवेश, गॅदरिंगचे कपडे, लग्नाचे ब्लाउज. मी तिथे काज-बटणं आणि इस्त्री करायला होते. ओळख म्हणाल तर एवढीच.

दिवाळी सरली की आमच्या इमारतीमागच्या उरल्यासुरल्या शेतांत भात कापायला घेतात. फार शेतं उरलेली नाहीत. उलव्याच्या बाजूला जाऊन आलेला कुणीही सांगेल, काल जिथे बांध होता तिथे आज क्रेन उभी असते. पण ही दोन-चार शेतं कुणाच्या तरी भांडणामुळे वाचली आहेत, देव त्या भांडणाचं भलं करो. दुपारी ऊन चढलं की कापलेल्या भाताचा कोरडा, गोडसर वास स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतो. तो आला की माझे तळवे गरम होतात. मनात काही येण्याआधी पायांना आठवतं. मी गॅसपाशी उभी असते आणि टाचा आपोआप एकमेकींना चिकटतात, चवडे बाहेर वळतात, गुडघे सैल होतात. पोळी करपते.

तो वास मला आधीपासून माहीत होता. मी भंडारा जिल्ह्यातली, साकोलीच्या अलीकडच्या एका खेड्यातली. आमच्याकडे त्याला धान म्हणतात. लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा शेजारची आगरी बाई म्हणाली, "आमी आज भात कापला," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पातेल्यातला भात आणि वर विळा, असं काहीतरी आलं होतं. हसू आलं, मग लगेच रडू. पीक तेच, वास तोच, फक्त माणसं सगळी अनोळखी.

धानाच्या आठवणीत माझी आई मला नेहमी पाठमोरी दिसते, वाकलेली. रोवणीला वाकून मागे मागे सरकायचं, कापणीला वाकून पुढे पुढे. घरात वाकून झाडायचं, दारातून वाकून आत यायचं, मोठ्यांसमोर मान वाकवायची. मीही तशीच वाढले. सातवीपर्यंतची शाळा गावात होती. आठवीत नाव घातलं, पण ती शाळा दुसऱ्या गावाला. सोबत जाणाऱ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं, मग एकटीला कोण पाठवणार. शाळा सुटली आणि तिच्या जागी भीती आली. इंग्रजी पाटी दिसली की भीती, बँकेत 'सही करा' म्हटलं की भीती, कुणी 'शिक्षण किती?' विचारलं की मी चहा ठेवायला उठायचे. पनवेलला आल्यावर ती वाढली, कारण इथे सगळेच शिकलेले वाटत. भाजीवालीसुद्धा.

आमचे हे, गजानन, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रेलर घेऊन जातात. पोलादाच्या पत्र्याची ती भलीमोठी गुंडाळी मागे साखळदंडांनी बांधलेली आणि पुढे खंडाळ्याचा घाट. आठवड्यातले बरेच दिवस ते रस्त्यावर आणि मी खोलीत. नाही म्हणायला मोबाइल होता. पण मोबाइलमुळे काळजी कमी होते हे ज्याने सांगितलं त्याचं माणूस ट्रेलरवर नसावं.

खालांचे दोन्ही मुलगे कुवेतला. मोठ्याने पैसे पाठवून दुकानावर एक मजला चढवला होता, त्याच्या लग्नानंतर राहायला म्हणून. त्याने लग्न केलं आणि बायकोला घेऊन तिकडेच गेला. मजला रिकामा राहिला. मोठा हॉल, नवी लादी, खिडक्या तीन बाजूंना. मग एक दिवस नवीन पनवेलच्या केतकी मॅडम आल्या आणि त्यांनी तो संध्याकाळपुरता भाड्याने घेतला. भिंतीला कमरेच्या उंचीवर एक लांब दांडा ठोकला, लादीवर रबरी शीट अंथरलं. लहान मुली यायला लागल्या, केसांचे घट्ट अंबाडे घालून. त्यांचे झालरीचे घागरे आमच्याकडेच शिवायला आले. बॅले हा शब्द मी पहिल्यांदा त्या घागऱ्यांच्या गठ्ठ्याबरोबर ऐकला.

वर नाच सुरू झाला की खाली छतातून धपधप ऐकू यायचं. खाला मशीन थांबवून वर बघायच्या. "या अल्ला, पोरी हायत का म्हशी?" जाळ्यातली धूळ त्यांच्या शिवणावर पडली की त्या मीटरपट्टी घेऊन उठायच्या, छत ठोकायला हात उंचवायच्या आणि गुडघा धरून परत बसायच्या. गुडघ्यांनी त्यांना फार छळलं. वर जायचा जिना मुलाच्या पैशांतून बांधला, पण बांधून झाल्यावर त्या जेमतेम एकदा वर गेल्या असतील.

एका दुपारी केतकी मॅडम तयार घागरे न्यायला आल्या. त्या तेव्हा माझ्याच वयाच्या असतील, पण पाठ अशी ताठ की मला त्या नेहमी उंच वाटायच्या. म्हणाल्या, "खाला, मोठ्या बायकांची बॅच सुरू करायचीय. अगदी बिगिनर्स. पण एक बाई कमी पडतेय, आणि एवढ्या कमी जणींसाठी माझी शनिवारची संध्याकाळ अडकवणं जमत नाही."

खाला सुईत दोरा ओवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ही येल ना."

"कोण?"

"ही. रेखा."

मी इस्त्री तशीच धरून उभी राहिले. एका गणवेशाच्या कॉलरला तेव्हा लागलेला पिवळा डाग नंतर कितीतरी दिवस मला दिसत होता. म्हटलं, "मी? मला नाही येत न वो काही."

"येत असतं तर शिकायला कशाला गेली असतीस?" खालांनी विचारलं.

"खाला, मी आठवीपण नाही झाले."

"तुजे पाय गेलते काय शाळेत?" खाला म्हणाल्या. "नाचायला दाखला नाय लागत. मॅडम, लिवा हिचं नाव. फीचं मी भाड्यात बघते."

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू दयेचं नव्हतं. बॅच भरल्याचा आनंद होता तो, निखळ. दयेपेक्षा ते बरं वाटलं मला.

पुष्कळ दिवसांनी मी खालांना विचारलं, मीच का? त्या म्हणाल्या, "वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढताना बाकीच्या पोरी स्टूल मागतात. तू चवड्यावर उभी ऱ्हातेस, आनि वरनं माज्याशी बोलत पन ऱ्हातेस. हलत नाय." मला हे माहीतच नव्हतं. आपल्याला काय येतं हे आपल्याला दिसत नाही. कुणीतरी खाली बसून, शिवता शिवता, ते बघत असावं लागतं.

पहिला शनिवार. मी ठेवणीतला पंजाबी ड्रेस घातला आणि ओढणीला चार ठिकाणी पिना लावल्या. दाराबाहेर चपला काढल्या आणि आत पाऊल टाकण्याआधी वाकून लादीला हात लावला, हात कपाळाला. यात काही ठरवलेलं नव्हतं. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडईत दंडार होते, रात्रभर नाच-गाण्यांचा खेळ, आणि दंडारीत उतरणारा प्रत्येक जण आधी जमिनीला हात लावतो. तेवढंच मला नाचाबद्दल माहीत. बाईचं सोंगसुद्धा तिथे पुरुषच घेतात, आम्ही बाया गोधडी पांघरून बघायचो. मी मान वर केली तर माझ्यामागून आलेल्या सुषमाताई लादीला हात लावत होत्या. त्या बँकेत अधिकारी, पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंतची काळी तंग पँट घातलेल्या. त्यांच्यामागे दातांची डॉक्टर, तिनेही लावला. सगळ्यांना वाटलं, बॅलेत असंच करतात.

केतकी मॅडम दांड्यापाशी उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"हिने," सुषमाताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, संपलं, पहिल्याच दिवशी गावंढळपणा. मॅडम म्हणाल्या, "छान आहे. ठेवू या." आणि तो ठेवला. अजूनही त्या क्लासात येणारी प्रत्येक मुलगी आधी लादीला हात लावते. साकोलीकडची दंडार पनवेलच्या बॅलेत शिरली, आणि दोघींनाही एकमेकींचा पत्ता नाही.

मग ओळख. प्रत्येकीने सांगायचं, बॅले का. सुषमाताई म्हणाल्या, लहानपणी इच्छा होती. डॉक्टर म्हणाली, पाठ दुखते. खारघरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंनी बरंच सुंदर काहीतरी सांगितलं, त्यातलं अर्धं इंग्रजीत. माझी पाळी आली. मी म्हणाले, "खालांनी पाठवलं." सगळ्या हसल्या आणि शिक्षण कुणी विचारलंच नाही.

पहिला धडा कुठला असेल असं वाटतं? सरळ उभं राहायचं. बस. हनुवटी जमिनीला समांतर, खांदे खाली, पाठीचा कणा जणू कुणीतरी डोक्याच्या केसांतून वर ओढतंय. मला ते जमेना. मॅडम बोटाच्या टोकाने माझ्या मानेला मागून स्पर्श करायच्या आणि मान वर जायची, बोट काढलं की परत खाली. "रेखा, कुणाला नमस्कार करतेयस?" त्या विचारायच्या. मी एकदा म्हणाले, "सवय आहे न." त्यांनी बोट नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथे ठेवलं.

नाचायला गेले आणि आधी मान वर करायला शिकले. घरी मोरीच्या आरशासमोर तशी उभी राहायचे. आरसा खालच्या बाजूला टांगलेला, वाकणाऱ्या माणसासाठी. सरळ उभी राहिले की त्यात माझा फक्त गळा दिसायचा. मग एक दिवस खिळा उपटून आरसा वर ठोकला. रविवारी गजानन आले. दाढी करताना म्हणाले, "आरसा काहून वर गेला?"

"मीच वर गेले," मी म्हणाले. त्यांना काही कळलं नाही. पण साबण लावलेल्या गालांनी ते हसले.

शब्द फ्रेंच होते. इंग्रजीची एवढी भीती, आणि हे तर त्याच्याही पलीकडचं. पण गंमत अशी की ते कुणालाच येत नव्हते. सुषमाताईही अडखळत, प्राध्यापक बाईही. मी ते पायांवर लिहून घेतले. प्लिए म्हणजे गुडघे वाकवायचे, पण पाठ नाही, हे माझ्यासाठी केवढं नवीन! वाकायचं आणि तरी ताठ राहायचं. रेलेव्हे म्हणजे चवड्यांवर उचलायचं, वरच्या फळीवरचा गठ्ठा. ते मला पहिल्याच प्रयत्नात आलं. मॅडम "होल्ड, होल्ड" म्हणत राहिल्या, एकेक बाई टाचांवर येत गेली, मी मात्र उभी. खिडकीबाहेर लांबवर कुठेतरी भात झोडत होते, त्याचा धुरळा उन्हात सोनेरी दिसत होता. मला वाटलं, मी इथून आमचं गाव बघू शकेन.

काही आठवड्यांनी मॅडमनी मुंबईहून नाचाचे बूट आणले. बूट कसले, कापडी पायमोजेच, फिक्या गुलाबी रंगाचे, मऊ. मी ते हातात घेऊन वास घेतला, नव्या कापडाचा. पायात घातले आणि तिथे सगळं अडलं.

माझ्या पायांत जोडवी होती. सासूबाईंनी लग्नात दिलेली, चांदीची, जाड, वर मासोळीची नक्षी. पनवेलला निघताना त्या म्हणाल्या होत्या, "रेखा, हे बोटं उघडे नोको ठेवजो. माया पोरगा गाडीवर राह्यते." बास, एवढंच. रागाने नाही, धमकी नाही. पण मी हे असं बोलणं सोडून देणाऱ्यांतली नाही. पनवेलला आल्यावर एकदा मोरीत कपडे धुताना साबणाने एक जोडवं निसटलं, आणि त्याच आठवड्यात घाटात यांच्या ट्रेलरचा टायर फुटला. काही झालं नाही. कठड्याला घासून गाडी थांबली. पण माझ्या मनाने तिथे जी गाठ मारली, ती मारलीच.

बुटात ती मासोळी शेजारच्या बोटात रुतायची. चवड्यावर उठलं की सगळं वजन तिथे. मी कापूस लावला. मग चिंधी. मग काहीच नाही, दात दाबून. सुषमाताई म्हणाल्या, "अगं काढून ठेव. मी तर नोकरीला लागल्यापासून घालतच नाही, आणि आमचे हे बघ कसे ठणठणीत आहेत, जरा जास्तच." सगळ्या हसल्या. मीही हसले. फोनवर गजाननना सांगितलं. ते म्हणाले, "काढून टाक न मंग. मी काय तुया बोटावर गाडी चालवतो का?" त्यावरही हसले. पण जोडव्याला लावलेला हात तसाच मागे यायचा. हसून भीती जात असती तर मी केव्हाच निर्भय झाले असते.

एका शनिवारी मॅडमनी गुलाबी कापडावर उमटलेला तांबडा डाग पाहिला. "रेखा, बूट काढ." मी काढला. त्यांनी खाली बसून माझा पाय हातात घेतला, ते मला इतकं कानकोंडं वाटलं की पाय ओढूनच घेतला. "तू मला सांगितलं का नाहीस? हे पिकलं असतं तर?" अनवाणी नाचू का, म्हणून मी विचारलं. पण अनवाणी गिरकी घेताना जोडवं शीटच्या जोडात अडकायचं. एकदा तशीच अडकून मी सुषमाताईंवर जाऊन आदळले होते. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "संक्रांतीनंतर आपण घरच्यांना बोलावून नाच दाखवणार आहोत. जोडवी किंवा बूट, दोन्ही नाही. बूट नसतील तर मी तुला त्या दिवशी उभी नाही करणार. पाय तुझे आहेत, पण जबाबदारी माझी."

त्यांचं बरोबर होतं. तेच तर अवघड. चुकीच्या माणसाशी भांडता येतं.

सोमवारी कामावर गेले आणि बटणं लावता लावता म्हणाले, "खाला, मी आता वर नाही जाणार."

"का गे?"

सांगितलं. रडत नव्हते, पण बटण उलटं लावलं. खालांनी शिवण थांबवलं. मशीनचं चाक हाताने थांबवून ठेवलेलं.

"तुमच्यात ते काळ्या मन्यांचं तुटलं म्हंजे काय करतात?"

"मंगळसूत्र? ओवायला देतात."

"आनि ओवून येईस्तोवर? गळा मोकळा?"

"नाही. तोवर दोऱ्यात हळकुंड बांधतात."

"मग तवा नवऱ्याला काय होतं?"

"काही नाही होत. हळद असते न गळ्यात."

"हळद गळ्यातच चालते? पायाला चालत नाय? कोनी सांगितलं?"

खालांनी चष्मा कपाळावर ढकलला. "इतकी वर्सं हितं बायांच्या गळ्याची मापं घेतेय मी. कुनाच्या गळ्यात काय असतं नि कवा नसतं, मला इचार. नवऱ्यानं दारूपायी गहान टाकलेलं पन बघितलंय, तवा दोराच असतो. तो नवरा मरत नाय. मेला तर बरं, असं त्या म्हनतात, तरी मरत नाय."

आता मी हसले, ते खरं.

मागच्या खोलीतून हळद आणली. खालांनी पांढऱ्या सुताचे पदर एकत्र घेऊन चपटी वेणी घातली, पाण्यात कालवलेल्या हळदीत बुडवून पंख्याखाली धरली. मग दोरा माझ्यापुढे केला. "बांद तुजी तू. मी मुसलमानीन, माज्या हातचा तुज्या सासूला चालंल का नाय..."

"तुम्हीच बांधा," मी म्हणाले आणि स्टुलावर बसून पाय पुढे केला.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग पाय मांडीवर घेतला. या वेळी मी तो ओढून घेतला नाही. गाठ मारली नाही त्यांनी. "गाठ टोचंल. शिवते." बोटाभोवती दोरा फिरवून त्याची टोकं बारीक टाक्यांनी जोडली, माझ्या कातडीला सुईचा स्पर्शही न होता. एक बोट झालं, मग दुसऱ्या पायाचं. पुटपुटत होत्या काहीतरी. दुआ असेल, किंवा माप. मग म्हणाल्या, "आता काढ."

मी जोडवी काढली. दोरा जागेवर होता. बाहेरून रिक्षा गेली, समोरच्या दुकानात कुणीतरी शटर ओढलं, जगात इतर काही झालं नाही. तरी मी लगेच फोन लावला. "कुठं आहात?"

"लोणावळ्याले. चहा पिऊन राह्यलो. काहून?"

"काही नाही," मी म्हणाले. "प्या."

त्या दोऱ्यावर बूट असा बसला की जणू आत काही नाहीच. वर जाताना जोडवी काढायची, क्लासहून उतरले की परत घालायची. दोरा झिजला की खाला नवा शिवायच्या. मासोळीखाली पिवळा दोरा रोज असायचा, पण कुणाला दिसायचा नाही.

संक्रांतीनंतरचा तो रविवार. हॉलमध्ये भाड्याच्या खुर्च्या, सुषमाताईंचे ठणठणीत यजमान पहिल्या रांगेत, लहान मुलींचे आईबाप, तिळाच्या वड्यांचे डबे. गजानन अकराच्या सुमाराला माल घेऊन पुण्याकडे निघाले होते. दुपारपासून फोन लागेना. घाटात लागत नाहीच कधी कधी. हे मला माहीत आहे, आणि माहीत असून काही उपयोग नसतो. वर सगळ्या केस बांधत होत्या, मी जिन्याखाली उभी, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेली जोडवी. दोऱ्यावरचा माझा सगळा विश्वास त्या एका 'संपर्क क्षेत्राबाहेर'ने पुसून टाकला होता.

खाला मशीनवर होत्या. रविवार असूनही. "काय झालं?"

"फोन लागत नाही."

"घाटात कधी लागतो?"

"जोडवी घालून घेऊ का, खाला? नाही गेले वर तर चालेल न? सुषमाताई आहेत, बाकीच्या आहेत..."

मला वाटलं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर सोपं होतं. त्या म्हणाल्या, "घाल. तुजी मर्जी. कोन तुला बोलनार नाय. पन बग, तो घाटात हाय म्हनून तू थांबनार असशील, तर तो जल्मभर घाटातच हाय. ते काम हाय त्याचं."

वरून मॅडमनी हाक मारली. "रेखा!"

"चला न तुम्ही पण वर," मी म्हणाले.

"हे गुडगे घेऊन? तू जा. मी हितनं ऐकते."

मी रुमाल आणि मोबाइल दोन्ही त्यांच्या मशीनच्या फळीवर ठेवलं आणि वर गेले.

लादीला हात लावला. संगीत सुरू झालं, पियानोचं, एकेक थेंब सुटा पडावा तसं. आम्ही पाच जणी, काळे ब्लाउज आणि खालांच्या हातचे करडे घागरे. पहिला प्लिए. गुडघे वाकले, पाठ नाही. हात उचलला तो खांद्यातून नाही, पाठीतून, कितीतरी शनिवार ऐकलेलं ते वाक्य एकदम अंगातून उमटलं. मला वाटलं होतं, डोक्यात घाट असेल. होता. वळणं, साखळदंड, ती पोलादाची गुंडाळी, सगळं होतं. ते गेलं नाही. पण त्याच्या शेजारी पियानोही होता, आणि दोन्हींना जागा पुरत होती. इतकी जागा आपल्या आत असते हे मला कुठल्याच शाळेने सांगितलं नव्हतं.

शेवटी दांड्यावरचा हात सोडून चवड्यांवर उठायचं होतं. हात सोडणं प्रत्येकीच्या मर्जीवर, मॅडम म्हणाल्या होत्या, भीती वाटली तर धरून ठेवा. मी सगळ्यांच्या आधी सोडला. दोन्ही हात वर, गोल, जणू मोठी टोपली डोक्यावर, पण रिकामी, पण हलकी. खिडकीतून मावळतीचं ऊन पायांवर आलं होतं. समोर माणसं बसली होती, शिकलेली, पगारदार, सगळी माझ्याकडे बघत होती आणि मी खाली बघत नव्हते. मान आपोआप वर होती. कुणाचंही बोट मागे नव्हतं. मी हलले नाही. इतरांच्या टाचा खाली आल्या, संगीत संपलं, मॅडमचा श्वास ऐकू आला, तरी मी वरच. मग टाळ्या. मग मी हळू, अगदी हळू, खाली आले.

सुषमाताईंनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाल्या, "बाई गं, तू तर निघालीसच की!" त्यांच्या यजमानांनी शिट्टी वाजवली. मॅडमनी माझे दोन्ही खांदे धरले आणि हलवले.

मी जिना उतरत होते तेव्हा फळीवरचा मोबाइल वाजत होता. "पोचलो न वो पुण्याले. इतके मिस कॉल काहून? कसा झाला डान्स?" पण खरं सांगू? तो फोन यायच्या आधी मी जिंकले होते. ते सुखरूप आहेत हे कळल्यावर तर कुणीही नाचेल. मी ते न कळता नाचले. माझ्यासारख्या भित्र्या बाईला ही केवढी मजल, हे फक्त भित्र्या माणसांनाच कळेल.

खाला म्हणाल्या, "बाजा वाजला, पन पायांचं काय ऐकूच नाय आलं मला. म्हटलं, नाच सुरू झाला का नाय? मंग टाळ्या आल्या." आणि पुन्हा मशीन चालू केलं, पण दोरा ओवायचा राहिला होता, नुसतीच सुई खाली-वर.

आता मी केतकी मॅडमच्याच क्लासात नव्या बायकांना पहिला धडा देते. नवीन पनवेलहून येतात, खारघरहून येतात. कुणी इंजिनिअर, कुणी मास्तरीण. मी त्यांच्या मानेला मागून बोट लावते. 'शिक्षण किती?' असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, सातवी. आवाज जरासा अजून कापतो, पण मान खाली जात नाही.

खालांचं दुकान बंद झालं. मुलाने म्हसळ्याकडे गावी घर बांधलं, त्या तिकडे गेल्या. खाली आता मोबाइलचं दुकान आहे. परवा, कापणी सुरू झाली त्या दिवशी, मीच फोन केला. त्या म्हणाल्या, "डोळ्याला दिसत नाय आता नीट. मोतीबिंदू हाय. ऑपरेशन करून घे म्हनतात पोरं, मी म्हटलं, बघायचं काय ऱ्हायलंय?"

मी फोन ठेवला. या बाईने माझं नाव घातलं, दोरा शिवला, मला वर पाठवलं. आणि मला नाचताना पाहिलं मात्र नाही. एकदाही नाही. मी नाचत असताना त्या नेहमी खालीच होत्या.

म्हणून खाला, हे तुम्हाला, सगळ्यांसमोर. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या. मी येते, दवाखान्यात तुमच्याजवळ मी बसेन, पट्टी सुटेपर्यंत घास मी भरवीन. आणि पट्टी सुटली की तुमच्या अंगणात, जिना नाही, काही नाही, तुम्ही खुर्चीत बसायचं आणि मी नाचणार. एकट्या तुमच्यासाठी. तुमचं ऋण त्याने फिटेल असं मी म्हणत नाही. पण बघायचं काय राहिलंय, असं विचारलंत ना? हे राहिलंय. हे मी दाखवणार आहे.